उसना न्यूट्रल

तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं,
मग मामंजींच्या उजव्या हाताकडे,
जिथे शेवटची दोन बोटं एकोणनव्वद सालापासून नाहीत.
'सहा इंची एक्झॉस्टला तीन पोलचा आयसोलेटर?
लाइटच्या बटणालाच जोडा की, ताई. सगळं पुणं तसंच जोडतं.'
मामंजी म्हणाले, 'सगळ्या पुण्याचं नका सांगू.
आमच्या बाथरूमचं बोलतोय.'

आमचं बाथरूम म्हणजे धायरीतल्या बिल्डरची उरलेली जागा.
खिडकीच्या नावाने डक्टात उघडणारं भोक.
छतावरची बुरशी मी दिवाळीला पुसते,
होळीला ती माघारी येते.
आणि आंघोळीनंतर मामंजींचा खोकला,
किक मारून मारून न धरणाऱ्या स्कूटरसारखा.

रविवारी हे चाकणला, सेकंड शिफ्टला.
मी स्टुलावर, मामंजी दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत,
वीज मंडळाचे रिटायर्ड लाइनमन, मांडीवर पकड.
'लाइट लावला की पंखा सुरू.
लाइट बंद केला तरी सहा मिनिटं चालला पाहिजे,
वाफ काय आपल्या पाठोपाठ बाहेर येत नाही.
म्हणून त्याला दोन फेज.
एक बटणामागचा, येतो-जातो.
एक कायमचा, बटणाला न विचारणारा.
आणि परतीला न्यूट्रल.
तिन्ही आयसोलेटरमधून न्यायच्या. दोन तोडून तिसरी ठेवलीस
तर नांदणंही नाही नि काडीमोडही नाही.'

मी बाथरूमचा एमसीबी पाडला.
मेन नाही. उजेडाला स्वयंपाकघरातला दिवा हवा होता.
'टेस्टर लाव.' लावला. काही नाही.
'आता तोच टेस्टर बाहेरच्या प्लगात.'
का?
'मेला म्हणायच्या आधी
म्हणणारा जिवंत आहे का बघावं.'
प्लगात नारिंगी ठिपका. परत आत. काही नाही.

आधीच्या कुणी वायरमनने काळ्या वायरी नुसत्या पिळून
टेप गुंडाळली होती. पंधरा वर्षांत तिचा डिंक झालेला.
मी पीळ सोडवला
आणि स्वयंपाकघर गेलं.

'हात काढ.'

आवाज चढलेला नव्हता.
या घरात चौदा वर्षं काढली,
इतक्या लवकर कुणाचं ऐकलं नव्हतं.
'आता काळीला लाव टेस्टर.'
काळी पेटली.
जिला सगळे गरीब समजतात, ती काळी.

'उसना न्यूट्रल,' मामंजी म्हणाले.
'स्वयंपाकघराने बाथरूमचा घेतलाय, कधीचा.
साखर उसनी घ्यावी, विरजण घ्यावं. हा घेऊ नये.
देणाऱ्याला वाटत राहतं आपण बंद आहोत.'

बोटांचं त्यांनी काही सांगितलं नाही, मीही काढलं नाही.
अंगठा तेवढा रिकाम्या जागेवरून
पुन्हापुन्हा फिरत होता.

मग मेन पाडला. दुधाचं काय व्हायचं ते होऊ दे.
मोबाइल दातात धरून नवी काळी ओढली,
केसिंगच्या पट्टीतून स्वयंपाकघरापर्यंत.
लाल कायमची, पिवळी बटणाची, काळी आपली आपली.
प्रत्येक स्क्रू आवळल्यावर वायर ओढून दाखवायची त्यांना,
शाळेत पाटी दाखवतात तशी.
संध्याकाळी पंखा फिरला.
डक्टातली कबुतरं उडाली आणि
वरच्या मजल्यावरच्या भिडेवहिनींनी विचारलं, काय पाडताय?

रात्री पावणेतीनला जाग आली.
पंखा सुरू. थांबला. बटणाचा आवाज.
सुरू. बराच वेळ. थांबला. पुन्हा बटण.
मी धावले, केस तसेच.

मामंजी अंधारात बाथरूमच्या उंबऱ्यावर,
खुर्ची टाकून, मनगट डोळ्यांशी,
घड्याळाचे काटे हिरवे.
'खोक्यावर सहा लिहिलंय,' म्हणाले,
'हा सव्वासात घेतोय. तीनदा बघितलं.'
खोकले नाहीत. निदान तेव्हा तरी नाही.
'उद्या टायमरचा स्क्रू फिरव थोडा.
आधी आयसोलेटर पाड.'
मी म्हटलं, आणि टेस्टर आधी प्लगात.
'हं,' म्हणाले,
आणि चौथ्यांदा बटण दाबलं.