एकशे चव्वेचाळिसावा

दांडिया बाजारात, फरसाणाच्या दुकानावर माझी शिकवणी.
सात मुलं, एक पंखा,
आणि हेत्वीचा प्रश्न: "सर, जोरात मारलं की फुटतं ना?
मग हळू आलेल्यानं युरेनियम कसं फुटतं?"

एकोणतीस वर्षं मी जड पाण्याच्या कारखान्यात काढली,
कुणी हे विचारलं नव्हतं.
घरी ही एवढंच म्हणायची, जड म्हणजे
डाळ शिजत नाही तसलं का हो?

मी कॅरमचा बोर्ड काढला.
सोंगटी कडेच्या लाकडावर मारली: जवळजवळ तशीच परत.
सोंगटीवर सोंगटी मारली: दुसरी पळाली, ही जागीच बसली.
जड पाण्यात एका टकरीत नाही भागत,
तीस-पस्तीस लागतात.
वीस हजार किलोमीटरनं सुटलेला न्यूट्रॉन
सेकंदाला जेमतेम दोनवर येतो.
मांडवीहून स्टेशन, दीड सेकंदात.
याला आम्ही हळू म्हणायचो.

"आणि फुटतं ते मारानं नाही, बेटा.
दोनशे पस्तिसाच्या घरात न्यूट्रॉन एकशे त्रेचाळीस.
एकाहत्तर जोड्या, आणि एक उरलेला,
गरब्याच्या मैदानाच्या कडेला
हातात दांडिया धरून उभा.
कुणी नुसतं चालत आत आलं
तरी जोडी जमल्याच्या भरात सगळं घर हलतं,
कमरेत बारीक होतं, दुभंगतं.

दोनशे अडतिसात एकशे सेहेचाळीस. सगळे जोडीनं.
आलेला एकटाच राहतो.
तिथं फोडायचं तर दार मोडूनच शिरावं लागतं.
मधल्या वेगानं गेलास तर ते उंबरठ्यावर टपलेलेच,
गिळतात.
पुढे त्याचं प्लुटोनियम होतं, ते पुढच्या वर्षी.
हजारात नऊशे त्र्याण्णव घरं ही अशी.
म्हणून आधी पाण्यात फिरवून आणायचं त्याला,
त्यांच्या दारावरून न नेता."

हेत्वीनं वहीत गुजरातीत काहीतरी लिहिलं,
मग खोडलं.
"म्हणजे हळू असला की जवळ जास्त वेळ थांबतो, म्हणून पण?"
हो. म्हणून पण.
हे मी सांगायचं राहूनच गेलं होतं.

मुलं जिन्यावरून धडधडत गेली.
बोर्ड पुसला, सोंगट्या मोजल्या:
पांढऱ्या नऊ, काळ्या आठ.
खाटेखाली काठी घालून
मी बराच वेळ
हळूहळू फिरवत राहिलो.