एकक

रात्री अडीचला नळ्या आल्या,
एक जांभळ्या झाकणाची, एक पिवळ्या.
नावं मी सहसा वाचत नाही, बारकोड मशीन वाचतं.
पण पट्टी तिरकी चिकटली होती,
सरळ करताना दिसलं:
टिपणीस सुमती वि., वय चौऱ्याहत्तर, आयसीयू, बेड सात.

टिपणीस बाई.
अकरावी, रसायनशास्त्र, रावपुऱ्यातली शाळा,
खिडकीच्या जाळीत अडकलेली कबुतराची पिसं.
मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही.
"एकवीस, डोळे ब्युरेटवर.
गुलाबी यायच्या आधीचा थेंब ओळखायचा.
आल्यावर काय, शिपाईही ओळखेल."

नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर बसवल्या.
दहा मिनिटं तो घुमत राहिला.

क्रिएटिनिनचं मला ठाऊक आहे,
सरकारी टपाल ते,
मूत्रपिंड निम्मं गेल्यावर दारात येतं.
गेल्या दिवाळीपासून नवी चाचणी लागली,
ती आधी सांगते.
काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून विश्वामित्रीत बघत राहावं:
पाणी हिरवं, गप्प, काहीच नाही,
आणि मग दोन ठिपके
जे लाकूड नाहीत.

आठशे बारा.
पुन्हा लावला. आठशे सात.
कंप्युटरनं वय घेतलं, रक्तदाब घेतला, बाकीचे आकडे घेतले
आणि कडेला चौकट उघडली:
बासष्ट टक्के.
कशाचे, ते लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी अर्धा मार्क कापला असता.
"बासष्ट काय, एकवीस? वांगी?"

खिडकीशी त्यांचा मुलगा, सुरतेहून आलेला,
पायात घरातल्याच सपाता.
"बेन, रिपोर्ट?"
मग माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून, मराठीत,
"आईचं काही... बरं आहे ना?"
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली आणि तिथंच उभा राहिला,
उत्तर न आलेली मुलं राहतात तसा.

टक्के शंभरांचे असतात.
शंभर बायका असत्या, शंभर खाटा,
तर सकाळी मोजून बघता आलं असतं.
बेड सात एकच आहे.
बासष्ट टक्के कुणी मरत नाही,
आणि अडतीस टक्के घरीही जात नाही
दांडिया बाजाराच्या रिक्षात बसून.

साडेपाचला शिर्के सिस्टरचा फोन,
दुसऱ्याच कुणाच्या पोटॅशियमसाठी.
ठेवता ठेवता मी विचारलं, सातला लघवी?
"झाली थोडी."
थोडी म्हणजे?
"अगं थोडी. पिशवीचा तळ दिसेनासा झालाय."
नीट बघून सांगा.
रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज,
चपला लांब गेल्या, थांबल्या,
परत आल्या.
"पस्तीस."

पस्तीस काय, मी म्हटलं.

"मिली गं बाई, आणखी काय!"