अर्धी गोळी

आषाढ सरत आला की नदीपात्रात
ढोलांचा सराव सुरू होतो. संध्याकाळी सात ते दहा.
खारीला ते आमच्याआधी कळतं.
ताटलीतलं तसंच टाकून ती कपाटामागे जाते
आणि तिथे तिची कातडी
उकळी फुटण्याआधीच्या दुधासारखी थरथरत राहते.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री
तिने न्हाणीघराचं दार ओरबाडलं.
पहाटे पाहिलं तर फळीवर चार रेघा,
रक्ताच्या, पट्टीने आखल्यासारख्या.
ह्यांनी वरून पॉलिश मारून घेतलं.
रेघा अजून दिसतात.

या वर्षी डॉक्टर शिकलगारांनी
बोटांवर उलटे आठवडे मोजले.
'अनंत चतुर्दशी कधी आहे? मग आत्तापासूनच.
ही लगेच लागू पडत नाही, काकू, महिना-दीड महिना जातो.
मध्येच आपल्या मनाने बंद करायची नाही.
आणि भित्री नाहीये ती. आजारी आहे.'
शेवटचं वाक्य ते खारीकडे बघून बोलले.
मी उगाच पर्स उघडली, बंद केली.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गर्दी.
'पेशंटचं नाव?'
'खारी.'
'आडनाव?'
'प्रभुदेसाई,' म्हटलं. काय सांगणार.
'वय?' 'सहा.'
मग त्याला चिठ्ठीवरचा पंजाचा शिक्का दिसला.
मागून आमच्या सोसायटीचे दांडेकर म्हणाले,
'कमाल आहे! आमच्या वेळी कुत्री नुसती भुंकायची.'
मी वळले, आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात
सगळं सांगितलं: कपाट, दार, नखं,
भीती कशी कारण संपलं तरी अंगात उरते,
आणि गोळीने शहाणपण येत नाही, नुसती
शहाणपणाला बसायला जागा होते.
दांडेकर गप्प.
माझं मलाच नवल वाटलं.
हे सगळं मला पाठ होतं.
अकरा वर्षांपासून.

माझी गोळी मी दोन बस बदलून आणते,
हडपसरहून, जिथे मला कोणी ओळखत नाही.
हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवते.
सुनेला सांगितलंय, ॲसिडिटीची.
हिंगाचा वास लागतो तिला. सवय झाली.

खारीची मात्र पोळीच्या तुकड्यात, तुपाचं बोट लावून,
सकाळी साडेआठला, घरादाराच्या साक्षीने.
'आजी, खारीची अर्धी दिलीस?'
नातू बूट घालता घालता ओरडतो.
फ्रिजवर त्याने तक्ता चिकटवलाय, बरोबरच्या खुणांचा.
पहिल्या आठवड्यात ती धड जेवेना, नुसती पडून.
'बंद करूया का?' हे म्हणाले.
'नको. आधी आधी होतं तसं.'
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.
मग पेपर उचलला, उलटाच धरला.

विसर्जनाला लक्ष्मी रोडपर्यंत जावं लागत नाही,
आमच्या चौकातलं मंडळ पुरतं.
खिडकीच्या काचा वाजत होत्या.
खारी पायपुसण्यावर बसली. उठली. परत बसली.
एकदा कण्हली.
मग नाकातून मोठा सुस्कारा टाकून
हनुवटी माझ्या पावलावर ठेवली.
ढोल थांबले नव्हते.
फक्त तिच्या अंगातून उठून
रस्त्यावर गेले होते, जिथे ते असतात.

ऑक्टोबरात कोपऱ्यावरच्या दुकानात
मी दोन चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या.
'दोन्ही खारीच्याच?'
'एक खारीची.'
त्याने वर पाहिलं नाही. चिमट्याला लावलेल्या
बिलांतून नवं पान फाडलं,
'नाव?' विचारलं, आणि मी सांगितलं,
स्पेलिंगसकट.

सुटा रुपया नव्हता त्याच्याकडे.
बदल्यात लिमलेटची गोळी दिली.
ती मी तिथेच तोंडात टाकली,
सगळ्यांसमोर.