श्र

नाव ठेवताना कुणाच्या ध्यानात होता श्र?
आत्यानं कानात कुर्र केलं, पेढे वाटले,
श्रेणिक म्हटलं, सगळ्यांना आवडलं.
सहा वर्षांनी त्याच नावाच्या उंबऱ्यात
माझं पोर अडकून बसलं.

पेन्सिल मुठीत धरायचा, खुरपं धरावं तशी.
ओठ दाताखाली घेऊन असा दाबायचा
की एका पानावरचं तीन पानं खाली उतरायचं.
टोक मोडायचं. केलं की परत मोडायचं.
ओळीवरून घसरलेली अक्षरं समासात गोळा व्हायची
आणि खाली बाईंची लाल शाई:
अक्षर सुधारा. पालकांनी लक्ष द्यावे.

लक्ष दिलं.
पन्नास वेळा लिही म्हटलं, शंभर वेळा लिही म्हटलं,
एकदा पट्टीनं मारलं, बोटांवरच.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
त्याचे पप्पा म्हणाले, डॉक्टरांचं तरी कुठं वाचता येतंय,
आणि मोटर चालू करायला गेले.

मी तासगावात बेदाणा निवडते.
दिवसभर अंगठा आणि पहिलं बोट,
काडी इकडं, काळा तिकडं, फुटका पाटीत.
बघावंही लागत नाही, बोटांना कळतं.
अशा बाईच्या पोटच्या पोराला
साधी पेन्सिल धरता येईना.

शनिवारी एसटी. कवलापूर, माधवनगर, सांगली, मग रिक्षा.
विश्रामबागेत औषधाच्या दुकानाशेजारून जिना,
वर नौशीन बारगीर मॅडम.
मला वाटलं, वह्या बघतील.
त्यांनी त्याला फरशीवर रांगायला लावलं.
भिंत ढकल म्हणाल्या, बघू किती सरकतेय.
"हात नंतर. आधी खांदा, त्याच्याही आधी पाठ.
घरी खुर्चीत बसल्यावर पाय टेकतात का याचे?"
मी गप्प.
पाय कुणी बघितले होते?

मग मलाच कागद दिला.
डाव्या हातानं नाव लिहा तुमचं, पटकन, मी मोजते.
त्रिशला.
त्र तिथंच आडवा झाला.
रेघ कापली, जीभ बाहेर आली,
तीन अक्षरांत मनगट भरून आलं.
"आता असं पाऊण तास. आणि डोक्यावर कुणीतरी ओरडतंय."
श्रेणिक पोट धरून हसत होता.
मीही हसायला लागले, ते मध्येच राहिलं.

आता पायाखाली दोन विटा, पोत्यात गुंडाळलेल्या.
दोरीवरचे चिमटे सगळे त्याच्या ताब्यात,
ओले कपडे वाऱ्यावर.
कणीक तोच मळतो. पोळी वातड होते,
मामंजी चावत राहतात, बोलत नाहीत.
ताटात रवा पसरून बोटानं ग, म, न,
मोडलं तर ताट हलवायचं, रवा काही लक्षात ठेवत नाही.
एका वाटीतून दुसऱ्या वाटीत चिमट्यानं बेदाणे:
वीस निघतात, बारा पोचतात,
आठांचा हिशेब त्याच्या गालात.

मॅडमनी शाळेला चिठ्ठी दिली,
याला वेळ थोडा जास्त द्या,
फळ्यावरचं सगळं उतरवायला लावू नका.
बाईंनी वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली.
काय ठरवलं, ते कळलं नाही.
सोमवारी लाल शाईत नुसती तारीख होती.

श्र अजून एका पायावर उभा आहे,
बांधावरून चालणाऱ्यासारखा हात पसरून.
ण त्याला सोडून पुढं निघालेला.

रात्री तो झोपला की वही घेते.
वाचत नाही.
पान उलटून पाठीवरून बोट फिरवते, सवयीनं, डोळे मिटून.
ऑगस्टची पानं नांगरलेली लागतात.
आजच्या पानाची पाठ गुळगुळीत.
खात्री होईना म्हणून पुन्हा फिरवलं,
तेव्हा एका जागी लागलं, श्रच्या तिरक्या रेघेवर.
तिथं जोर लावतो अजून.

लावू दे.