चार्ज देताना

ही खालच्या खणाची किल्ली. जरा वर उचलून फिरव,
नाहीतर अडकते. आत दोन शिक्के, स्टेपलरच्या पिना,
आणि आल्याच्या वड्या. त्या माझ्या,
पण राहू देत.

बस, चारुता. खुर्ची डावीकडे कलते.
एकतीस वर्षं मीही कलले तिच्याबरोबर.
खिडकीतून बॅलार्ड इस्टेटचा एक दगडी कोपरा दिसतो,
त्याच्यामागे बंदर. दिसत नाही, भोंगा तेवढा ऐकू येतो.
भोंगा वाजला की फोनवरच्या माणसाला म्हणायचं, थांबा जरा.
त्याच्यावरून ओरडायचं नाही.
ओरडून सांगितलेले आकडे चुकतात.

आकड्यांवरून आठवलं.
लागून सहाच महिने झाले होते. मिनोचर साहेबांनी
गोदीतून फोन केला, रंगाची पिंपं सोडवायची होती.
किती? ते म्हणाले, "साथ."
सात की साठ?
त्यांच्या जिभेवर त आणि ठ एकाच खोलीत राहायचे.
विचारलं तर काय म्हणतील, म्हणून मी विचारलं नाही.
साठ टाइप केलं.
त्रेपन्न पिंपं अकरा दिवस गोदीत, डेमरेज चढत होतं,
आणि मी जेवणाचा डबा तसाच घरी नेत होते.

साहेब रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले,
"बोलला मी वाकडा, ते माझा चुकला.
विचारला नाय तू, ते तुझा."
तेव्हापासून मी आकडा परत म्हणून दाखवते.
अंकी, मग अक्षरी.
लोक हसतात. हसू देत.

"बघू", "होऊन जाईल", "करून टाकू",
ही तीन माणसं या ऑफिसात कामाला आहेत
आणि आजवर कुणालाही जागेवर सापडलेली नाहीत.
त्यांच्या भरवशावर राहू नकोस.
गुरुवारी चारला म्हण. नाही जमलं
तर गुरुवारी दोनला कळव.
पाचला सांगितलेली अडचण ही अडचण नसते,
सबब असते.

मेल लिहिलीस की मोठ्याने वाच,
दम लागेल तिथे पूर्णविराम दे.
चूक दाखवायची तर एकट्याला लिही, कौतुक सगळ्यांना.
आमच्या वागळ्यांचं नेमकं उलटं होतं.
त्यांच्या निरोपसमारंभाला समोसे उरले.

राग आला तर लिही. अगदी भरभरून लिही,
मग या खणात टाक आणि खाली जाऊन चहा पिऊन ये.
हे बघ, माझी एकोणीस पत्रं.
हे कस्टम्सच्या बाबूला. हे वागळ्यांना.
हेही वागळ्यांना, रिबेटचा हिशोब मी मांडला
आणि मीटिंगमध्ये तो त्यांच्या तोंडून बाहेर पडला,
मी बशीतल्या चहाच्या वर्तुळाकडे बघत बसले, त्या दिवसाचं.
एकही पाठवलं नाही.
बरं झालं, असंच म्हणत आले.

थांब, हे विसाव्वं. हे रागाचं नव्हे.
महोदय, गेली नऊ वर्षे मी
सीनियरचे काम ज्युनियरच्या पगारात करीत आहे,
तरी विनंती की...
तारीख बघ. शाई बघ कशी तपकिरी झालीय.
याचा मसुदा मी सात वेळा केला.
सात, साठ नव्हे.
व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नाही.
रागाच्या पत्रांबरोबर हेही निजवून ठेवलं,
चहा पिऊन आले, आणि परत काढलंच नाही.

तेव्हा चहाचं मी सांगितलं ते अर्धंच खरं धर.
चहा पिऊन आल्यावर खण उघडायचा असतो,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही
कुणाला विचारलं नव्हतं.

हे मी घेऊन जाते. बाकीची तू फाड.
शिक्क्याची शाई कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते,
पावती माग, तो स्वतःहून देत नाही.

आता सांग, यातलं काय कळलं नाही?
काय?
मोठ्याने म्हण. नाही, थांब जरा,
भोंगा वाजतोय.