पांढऱ्यात काय उरलं

साडेबाराचं लग्न, मे महिना, कामठी रोड,
आणि मंडपाचं कापड नेमकं तिथंच फाटलेलं
जिथं लहानुजी रंगारी उभे होते
लेकीच्या मागे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

एक स्टॉप कमी घ्यायला हवा होता मी.
घेतला नाही. घामानं बोट घसरत होतं,
आणि भंतेजी थांबत नाहीत फोटोवाल्यासाठी.

आता रात्रीचे अकरा.
इंदोऱ्यातलं दुकान, शटर अर्धं खाली,
कूलरमधलं पाणी संपलंय, तो नुसता बडबडतोय.
पडद्यावर लहानुजींना डोकं आहे, हात आहेत,
मधे शर्टाच्या जागी भोक.
सॉफ्टवेअर त्यावर लाल रंग फासून दाखवतं:
इथं जळलं.

जेपीईजीत मेलं ते मेलंच.
रॉ फाइलीत थोडी धुगधुगी असते.
नाडी बघावी तशी हायलाइटची पट्टी
डावीकडे ओढतो. वजा तीस. वजा साठ.
हिरवा आधी भरून सांडतो, उन्हात नेहमीच,
पण लाल आणि निळा काठाच्या आत राहिले असतील
तर त्या दोघांना विचारून
तिसऱ्याचा अंदाज बांधता येतो.
अंदाज चुकला की शर्ट गुलाबी होतो.
झालाच.
व्हाइट बॅलन्सशी अर्धा तास भांडलो, तेव्हा निवळला.

वजा शंभर.
आधी कॉलरची शिवण आली,
मग खिसा, खिशात पेनाची सावली,
मग बटणांची पट्टी,
आणि चौथ्या बटणाशेजारी
बोटभर रफू.

हात थांबला.
त्या दुपारी कुणालाच दिसलं नव्हतं ते.
उन्हानं झाकून ठेवलेलं,
आणि मी इथं बसून उघडं पाडतोय
तीनशे रुपये प्रिंटच्या हिशोबानं.
परत वजा साठवर आणलं.
रफू गेलं. शर्ट सपाट, पांढरा, श्रीमंत.
तसंच सेव्ह केलं, घरी गेलो.

सकाळी ते स्वतःच आले.
चष्मा कपाळावरून खाली, नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ.
चौतीस वर्षं मिलमध्ये लूमवर काढलेली नजर.
"शर्ट कुठं हाय?"
हा काय, म्हटलं.
"हे तं चुना हाय. कापड दाखव."

पट्टी ओढली. ओढताना त्यांच्याकडे बघितलं नाही.
"थांब."
रफूवर बोट ठेवलं त्यांनी, काचेवर ठसा उमटला.
"मिल बंद झाली तेव्हाचं कापड हाय हे.
पगाराच्या बदल्यात दिलं होतं साडेतीन मीटर.
उंदरानं खाल्लं इथं. म्या भरलं,
ताण्यात ताणा, बाण्यात बाणा.
सांग बरं, धागा कुठून सुरू केला?"
चारशे टक्के मोठं करून पाहिलं,
सांगता आलं नाही.
"मंग?" म्हणाले, आणि स्टूल ओढून
पहिल्यांदाच नीट बसले.

उजव्या खांद्यावर मात्र रुपयाएवढी जागा राहिलीच.
तिन्ही रंग काठोकाठ, आत काही नोंदच नाही.
पट्टी ओढली की ओल्या सिमेंटसारखी
नुसती राखाडी होते.
शेजारचं कापड उचलून भरून देतो, म्हटलं,
कुणाला कळणार नाही.

बराच वेळ बघत राहिले.
"ताणाच नाई तिथं. कायच्यात भरशील?"

जागा तशीच ठेवली, पांढरी.
दहा बाय बारा ठरली, पाचशे ॲडव्हान्स दिले, सुट्ट्या नोटा.
ग्लॉसी की मॅट, विचारलं.
ग्लॉसीत चमक येते, मी सांगितलं, विणकाम दबतं.
"मॅट," लहानुजी म्हणाले,
आणि जाता जाता शटर स्वतःच
पूर्ण वर ढकलून गेले.