उशीवर काय आहे

संयोगितानं मोबाइलवर पाठवलेला जहाजाचा नकाशा
उद्यमनगरातल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला,
अकरा डेक, अकरा कागद.

चौतीस वर्षं फौंड्रीत पॅटर्न केले.
ड्रॉइंग दिसलं की हात आपोआप पट्टी शोधतो.
खोल्या म्हणजे ओळीनं मांडलेल्या काडेपेट्या,
खिडकीच्या निळ्या, बिनखिडकीच्या पिवळ्या,
काहींत एक त्रिकोण, आणि त्याचा अर्थ
कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत:
तिसरा माणूस सोफ्यावर झोपेल.

कलावती म्हणाली, मधली घ्या.
गारगोटीच्या एसटीत मागच्या बाकावर बसून
माहेर येईपर्यंत जे तिनं सोसलंय
ते जहाजालाही लागू, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
मधली, आणि खालच्या अंगाची.
जातं कितीही फिरो, खीळ जागा सोडत नाही.

आठव्या डेकचा कागद काचेवर धरला,
त्यावर नववा.
दोन्हींतून ऊन आलं तेव्हा दिसलं,
८२१४ च्या बरोबर उशीवर नाचाचा हॉल.
म्हणून स्वस्त!
म्हटलं, घेऊ. अठरा हजार वाचतात.
माझे कान तर शेकआउटच्या धडधडीनं
केव्हाच नेलेत.

ती भाकरी थापत राहिली.
तवा उतरवला.
मग माझ्या बऱ्या कानाशी येऊन म्हणाली,
मला येतं ऐकू.

रात्रपाळीहून यायचो तेव्हा ती जागीच असायची.
मला वाटायचं, माझ्यासाठी.
भिंतीपलीकडं मिरचीकांडप,
उन्हाळाभर रात्री बारापर्यंत,
एरवी पहाटेपासून पीठ.
मंगळवार पेठेतली ही जागा घेताना
मी फक्त आमच्या खोल्या मोजल्या होत्या.

पुन्हा सगळे कागद काढले.
पाचवा डेक, मधोमध,
वर खोल्या, खाली खोल्या, लिफ्ट चार दारं लांब.
एकच शिल्लक होती.
खिडकी आहे, पण तिच्यासमोर
जीव वाचवायची होडी टांगलेली,
निम्मा समुद्र तीच खाणार.
राजारामपुरीतला एजंट फोनवर म्हणाला,
काका, ही कुणी मागत नाही.

कलानं पिठाचं बोट नेमकं त्या काडेपेटीवर ठेवलं.
होडी डोळ्यासमोर असली, म्हणाली,
तर झोप लागंल की.

ठसा पुसला नाही.
कागद तसाच घडी घालून एजंटाकडं दिला.